मातीला कूलंट पाजलं तेव्हा

गाडीच्या कूलंटमध्ये जे ग्लायकॉल असतं ना, त्यानं मातीची ओळख पटते. खरंच!

चिकणमातीचे बारीक कण म्हणजे आकार नसलेला लगदा, असंच बरेच शास्त्रज्ञ धरून चालले होते. 1930 मध्ये अमेरिकेत हेंड्रिक्स आणि फ्राय यांनी एक्स-रे लावले, तर आत चक्क स्फटिक! वहीच्या पानांसारखे थर. पण खरा घोळ पुढेच. स्मेक्टाइट, व्हर्मिक्युलाइट, क्लोराइट, तिघांच्याही थरांतलं अंतर साधारण 14 अँगस्ट्रॉम. (एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटीमीटरचा दहा कोटीवा भाग.) आणि गफलत महागात पडते: स्मेक्टाइट फुगून भिंतींना तडे पाडतं, क्लोराइट फुगतच नाही.

1944 मध्ये मॅकइवन यांनी ग्लिसरॉल वापरलं, 1945 मध्ये ब्रॅडली यांनी ग्लायकॉल. स्मेक्टाइट 17-18 वर गेलं, क्लोराइट ढिम्म. व्हर्मिक्युलाइट उरलं? त्याला पोटॅशियम द्यायचं, ते 10 पर्यंत आवळतं. मला तर ही पोलिसी उलटतपासणीच वाटते.

आपली विदर्भातली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, ती मुख्यतः स्मेक्टाइटमुळेच. ग्लायकॉलच्या वाफेत रात्रभर ठेवलेल्या काचपट्टीवर तेच फुगणं मोजता येतं.