दक्षिणा, गिरणी आणि एक पत्र : संशोधनाला पैसा कोण देतं?

मासवणला बोलायला यायचं ठरलं तेव्हा आयोजकांनी विषय सुचवला होता, 'विद्यापीठातील अध्यापक व विद्यार्थी यांच्यासाठी संशोधन अनुदान आणि सहकार्याच्या संधी'. आम्ही म्हटलं, संधींची यादी काय, कोणीही फोनवर काढून देईल. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, म्हणजे ज्याला अनुदान मिळत नाही तोच विषय शिकवला. (हशा.) तेव्हा आम्ही इतिहासाकडून येऊ. आपल्या मराठी मुलखात ज्ञानासाठी पैसा कोणी दिला, कोणाला दिला आणि कोणाला दिला नाही, एवढंच आज पाहायचं आहे.

सुरुवात पुण्यापासून करावी लागते. पेशवाईत श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. मूळ प्रथा तळेगावच्या दाभाड्यांची. 1731 साली डभईच्या लढाईत त्रिंबकराव दाभाडे पडले आणि पुढे ती पेशव्यांनी पुण्यात चालवली. लांबलांबून शास्त्री येत, परीक्षा होई, मग योग्यतेप्रमाणे रक्कम. आजच्या भाषेत सांगायचं तर मुलाखत घेऊन दिलेली फेलोशिप. पण अर्ज कोणी करायचा हे जन्मानंच ठरलेलं होतं.

1818 ला पेशवाई गेली. एल्फिन्स्टनला पेच पडला. दक्षिणा एकदम बंद केली तर शास्त्रीवर्ग बिथरणार, आणि चालू ठेवली तर एका धर्मकृत्यावर कंपनीचा पैसा खर्च होणार. त्यानं मधला रस्ता काढला. वर्षाला 50,000 रुपये दक्षिणेसाठी राखून ठेवले आणि 1821 साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. दानाचा पैसा हळूहळू शाळेकडे वळायला लागला. ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण पुढं जे भांडण झालं ते या पैशावरूनच झालं.

1849 च्या सुमारास लोकहितवादी आणि त्यांच्या बरोबरीच्या सुधारक मंडळींनी सरकारकडे अर्ज केला. मागणी साधी होती. या दक्षिणेतला काही भाग मराठीत उपयोगी ग्रंथ लिहिणाऱ्यांना बक्षीस म्हणून द्यावा, आणि जातीची अट नसावी. पुण्यात गहजब झाला. सनातन्यांनी सभा भरवली, अर्जदारांना धाक घातला गेला. अशा वेळी अर्जदारांच्या रक्षणासाठी जोतीराव फुले आपली दोनशेएक माणसं घेऊन उभे राहिले, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. जोतीरावांचं वय तेव्हा अवघं बावीस-तेवीस.

अर्जाचा उपयोग झाला. दक्षिणा प्राइज कमिटी आली. मराठीत भाषांतरं झाली, शास्त्रविषयांवर पुस्तकं निघाली. पुढं महाविद्यालयांतून दक्षिणा फेलो नेमले जाऊ लागले. रामकृष्ण गोपाळ भांडारकर, महादेव गोविंद रानडे, काशिनाथ त्रिंबक तेलंग ही सगळी दक्षिणा फेलो होती. एकोणिसाव्या शतकातलं मराठी विद्वत्तेचं अर्धं घराणं त्या एका फंडावर पोसलं गेलं म्हटलं तरी चालेल.

आणि आता दुसरी बाजू. 1855 साली जोतीरावांनी 'तृतीय रत्न' नावाचं नाटक लिहिलं. एक गरीब कुणबी जोडपं, त्यांना फसवणारा जोशी, एक पाद्री आणि मधूनमधून बोलणारा विदूषक. ते त्यांनी याच दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवलं. कमिटीनं नाकारलं. पुढं 1873 च्या 'गुलामगिरी'त जोतीरावांनी याची नोंद करून ठेवली, की कमिटीतल्या भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचं काही चाललं नाही. ज्यांनी फंडाचं दार उघडणाऱ्यांना संरक्षण दिलं, त्यांनाच त्या दारातून परत पाठवलं गेलं. नाटक छापून आलं ते 1979 साली, म्हणजे सव्वाशे वर्षं जवळजवळ हस्तलिखितातच.

हे आम्ही वर्गात सांगायचो तेव्हा एखादा विद्यार्थी हटकून विचारायचा, की सर, नाटक चांगलं नसेल म्हणून नाकारलं असेल. असेलही बुवा! पण प्रश्न गुणाचा नाही. फंडाच्या नियमात जात नव्हती, कमिटीच्या खुर्च्यांवर होती. अनुदानाची जाहिरात वाचताना आपण पात्रतेचं कलम वाचतो. समितीत कोण बसलंय ते कोणी वाचत नाही. ते आधी वाचायला हवं.

आता खानदेशात जाऊ. अमळनेरला मोतीलाल माणिकचंद ऊर्फ प्रताप शेठ यांची कापडाची गिरणी होती. या माणसाला वेदान्ताचा नाद. नाद म्हणजे संध्याकाळी कीर्तन ऐकायचं एवढा नव्हे. 1916 साली त्यांनी अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर काढलं. देशभरातून तत्त्वज्ञानाचे पदवीधर बोलवायचे, राहायला जागा, वाचायला ग्रंथालय, दरमहा वृत्ती, आणि काम एकच, विचार करणं. आम्ही पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा हेवा वाटला, खोटं कशाला बोला.

प्रा. घनश्यामदास मलकानी तिथं अनेक वर्षं होते. कृष्णचंद्र भट्टाचार्य यांच्यासारखा भारतीय तत्त्वज्ञानातला मोठा विचारक काही काळ अमळनेरात राहिला. 1925 पासून तिथून 'फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली' निघू लागलं. खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावातून इंग्रजी तत्त्वज्ञानाचं त्रैमासिक! साने गुरुजी याच मंदिरात काही काळ विद्यार्थी म्हणून होते. मग तिथल्याच प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले आणि 1930 ला सत्याग्रहासाठी नोकरी सोडून गेले. म्हणजे विचार करायला आलेला एक फेलो मुलांकडे गेला आणि तिथून तुरुंगात. शेठजींच्या हिशेबात हा खर्च वाया गेला असं कोणाला म्हणायचं असेल तर म्हणोत.

आम्हाला यातलं सगळ्यात आवडतं ते 1933 चं एक पुस्तक. लंडनहून निघालं. लेखक तीन : मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती. एक सिंधी, एक बंगाली, एक तमिळ. विषय एकच, शांकर वेदान्तातली अविद्या. पण तिघांची मतं सारखी नाहीत, म्हणून त्यांनी एकमेकांशी वाद घालत वेगवेगळे निबंध लिहिले आणि एकत्र छापले. पुस्तकाचं नाव 'अज्ञान'. कापडगिरणीच्या नफ्यावर तिघांनी अज्ञानाचा अभ्यास केला! (हशा.) आज सहकार्य प्रकल्प म्हटलं की सगळ्यांनी एकाच निष्कर्षाखाली सह्या करायच्या असं आम्हाला वाटतं. अमळनेरात सहकार्य म्हणजे एका ग्रंथालयात बसून मतभेद नीट लिहून काढणं होतं.

पुढं काय झालं? एका माणसाच्या श्रद्धेवर उभी असलेली संस्था त्या माणसानंतर थकते. त्रैमासिक 1973 पासून पुणे विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागातून 'इंडियन फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली' या नावानं निघू लागलं. गिरणीकडून विद्यापीठाकडे, म्हणजे शेठजींच्या वहीतून अनुदान आयोगाच्या वहीत. फायदा झाला, तोटाही झाला. फायदा असा की ते जगलं. तोट्याबद्दल बोलायला बसलो तर आमची शेवटची गाडी चुकेल.

इथं थोडं थांबून आपल्या माणसाचं नाव घेऊ. केळवे-माहीम इथून किती लांब? तिथं 1896 साली शंकर वामन दांडेकर जन्मले. मामासाहेब दांडेकर, सोनोपंत दांडेकर. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, पुण्याच्या स. प. महाविद्यालयाचे प्राचार्य आणि जोगमहाराजांच्या परंपरेतले वारकरी कीर्तनकार. त्यांनी 'ज्ञानदेव आणि प्लेटो' लिहिलं. पालघरच्या महाविद्यालयाला त्यांचं नाव आहे, आणि तिथल्या किती मुलांना ते कशाचे प्राध्यापक होते हे ठाऊक आहे, ते आम्ही विचारणार नाही. सांगायचं एवढंच की या किनाऱ्यावरच्या गावातून प्लेटोपर्यंत जाणारा रस्ता शंभर वर्षांपूर्वी एकानं चालून दाखवला आहे.

आता पत्र. 12 मार्च 1944. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतून होमी भाभांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टचे अध्यक्ष सोराब सकलातवाला यांना पत्र लिहिलं. ती विज्ञान संस्थासुद्धा जमशेटजी टाटांच्या 1898 च्या योजनेतून आणि म्हैसूर संस्थाननं दिलेल्या जमिनीवर उभी राहिलेली. भाभा सुट्टीवर भारतात आले होते, महायुद्धामुळे इथंच अडकले. पत्रातलं मागणं असं की देशात मूलभूत भौतिकशास्त्राची एक चांगली शाळा हवी. त्याबरोबर त्यांनी सांगितलं की दोनेक दशकांत अणुशक्तीपासून वीज होऊ लागेल, तेव्हा आपल्याला तज्ज्ञ परदेशातून आणावे लागू नयेत, ते घरीच तयार असावेत. तारीख पुन्हा पाहा. हिरोशिमाला अजून सव्वा वर्षाहून अधिक अवकाश होता.

ट्रस्टनं होकार दिला. 1945 साली टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली, पुढं मुंबईला आली. ट्रस्ट, मुंबई सरकार आणि केंद्र सरकार असे तीन हात तिच्यामागे उभे राहिले. अनुदानाचा अर्ज कसा लिहावा हे शिकायचं असेल त्यानं हे पत्र वाचावं. उपकरणांची यादी मोठी नाही, देशाला काय कमी पडणार आहे ते आधी सांगितलंय.

आणि त्या वाक्यातली दोन दशकं संपता संपता तारापूर आलं. इथून पश्चिमेला, समुद्राकडे. पण आलं कसं? तज्ज्ञ घरी तयार होत होते, तरी वीज देणारी पहिली अणुभट्टी आपली नव्हती. 1963 साली अमेरिकेशी करार झाला. जनरल इलेक्ट्रिकच्या दोन उकळत्या पाण्याच्या भट्ट्या, बांधकामाला बेक्टेल, पैसा बराचसा अमेरिकी मदतीच्या कर्जातून. इंधनही तीस वर्षं अमेरिकेकडूनच घ्यायचं असं ठरलं. 1969 साली वीज सुरू झाली. भाभा ती पाहायला नव्हते. 1966 च्या जानेवारीत मों ब्लांवर त्यांचं विमान कोसळलं.

1974 ला पोखरण झालं आणि इंधनावरून कुरबूर सुरू झाली. 1978 च्या अमेरिकी कायद्यानं पुरवठा आणखी अडला. 1982 साली तोडगा निघाला, की इंधन फ्रान्स देईल. त्यानंतर कधी चीन, कधी रशिया. या साऱ्या काळात तारापूरची भट्टी आपल्याच माणसांनी दुरुस्त करत, शिकत चालवली. पुढं तिथंच 540 मेगावॉटच्या दोन भट्ट्या स्वतःच्या आराखड्यावर उभ्या राहिल्या, 2005 आणि 2006 साली. भाभांचं वाक्य खरं झालं म्हणायचं तर ते तेव्हा झालं, साठ वर्षांनी.

पण त्याच दोन भट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. इथं बसलेल्यांपैकी काहींच्या घरचीच ही गोष्ट असेल. सकलातवालांना लिहिलेल्या पत्रात या गावांचं नाव असण्याचं कारण नव्हतं. पुढच्या कागदांत मात्र असायला हवं होतं, कोणत्या तरी एका ओळीत, की या प्रयोगाची जागा ज्यांची आहे त्यांचाही प्रश्न विचारात घेतला जाईल. शेजारीच तारापूरची औद्योगिक वसाहत. रसायनांचं सांडपाणी खाडीत जातं म्हणून अखिल भारतीय मांगेला समाज परिषद हरित लवादाकडे गेली. मासेमारांनी विचारलेला प्रश्न शास्त्रीय होता : पाण्यात काय आहे? त्याचं उत्तर शोधायला आधी लवादात जावं लागलं.

आजच्या योजना दोन वाक्यांत सांगतो, कारण त्यासाठी तुम्ही इथं आलात असं निमंत्रणपत्रिका म्हणते. 2023 च्या कायद्यानं अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान आलं आहे. पाच वर्षांत 50,000 कोटी रुपयांचं उद्दिष्ट, त्यातला मोठा वाटा सरकारबाहेरून यावा अशी अपेक्षा. त्यांच्या 'पेअर' योजनेत एक मोठी संस्था केंद्र आणि तिच्याभोवती विद्यापीठं आरे, अशी चाकाची रचना आहे, आणि पालघरचा विद्यार्थी त्या चाकापर्यंत जाणार तो मुंबई विद्यापीठाच्या मार्फत. चाकाची उपमा चांगली आहे, फक्त रस्त्याला टेकते ती धाव असते, तुंबा नव्हे.

मघाशी चहाच्या वेळी एका मुलीनं विचारलं, की सर, आमच्याकडे प्रयोगशाळा नाही, आम्ही काय संशोधन करणार? बाई, तुझ्या गावाशेजारून सूर्या नदी वाहते. वर धामणीला धरण आहे. ते शेतीच्या पाण्यासाठी बांधलं. आज त्याचं पाणी वसई-विरारला जातं. मीरा-भाईंदरसकट शहरांसाठी दिवसाला 403 दशलक्ष लिटरची योजना आहे. कालव्याखाली किती शेती भिजायची, आता किती भिजते? पाटबंधारे खात्याच्या कचेरीत नोंदी आहेत, माहितीच्या अधिकारात मागता येतात. गावातल्या दहा विहिरी ठरवा. दिवाळीपासून पाऊस पडेपर्यंत दर पंधरवड्याला दोरी सोडून पाण्याची पातळी मोजा आणि वहीत लिहा. तारीख, विहिरीचं नाव, मोजणाऱ्याचं नाव. ज्या बाया तिथून पाणी भरतात त्यांचं म्हणणं त्यांच्याच बोलीत लिहून घ्या. याला दोरी, फूटपट्टी आणि चिकाटी एवढाच खर्च आहे.

दोन उन्हाळ्यांची वही झाली की मग 'आविष्कार'ला जा, विद्यापीठात जा, मुंबईच्या एखाद्या मोठ्या संस्थेत जा. ते आनंदानं तुम्हाला सोबत घेतील, कारण तुमच्याकडे जे आहे ते त्यांच्याकडे नसेल. तेव्हा सही करण्याआधी तीन गोष्टी विचारायच्या. लेखावर आमची नावं येणार का? नोंदींची एक प्रत गावात राहणार का? आणि निष्कर्ष मराठीत आणि वारलीत गावाला सांगायला तुम्ही स्वतः येणार का? आणि निवड समितीत कोण बसलंय, तेही विचारा. जोतीरावांच्या वेळी ते विचारायची सोय नव्हती.

आता तुमचे प्रश्न घेऊ. मागे बसलेल्यांपासून सुरुवात करा.