फडाच्या ट्रकला विमा आहे, कलावंताला का नाही?

तमाशाचा फड गावात येतो तेव्हा ट्रकमधून तंबू, जनरेटर, वाद्ये उतरतात. त्या ट्रकचा विमा कायद्याने सक्तीचा आहे. पण त्याच ट्रकमधून उतरणाऱ्या नाचणारीचे, ढोलकीवाल्याचे, सोंगाड्याचे काय? हा प्रश्न विचारला की 'लोककलेचे वैभव' ही भाषा सुरू होते. म्हणून इतिहास तपासू.

1923 साली कामगार नुकसानभरपाई कायदा झाला. कामावर अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी मालकाची, हे तत्त्व त्याने आणले. 2025 पर्यंत अमलात असलेला हा कायदा कोणाला लागू, याची यादी त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात होती. त्या यादीत सर्कशीत काम करणारे आले, चित्रपट बनवणारे आणि दाखवणारे आले, हत्ती सांभाळणारेही आले. यांत्रिक वाहनावर काम करणारे तर होतेच. म्हणजे फडाचा ड्रायव्हर यादीत होता, पण बोर्डावर उभ्या राहणाऱ्या तमाशा कलावंताचे नाव नव्हते.

वाटेत अपघात झाला तर? मालवाहू गाडीतील प्रवाशांची भरपाई विमा कंपनीवर बंधनकारक नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये दिला. सामानावर बसून रात्री पुढचे गाव गाठणाऱ्या कलावंताच्या बाबतीत कंपनी याच निकालाकडे बोट दाखवू शकते.

हे कलावंत कोण आहेत? बहुतांश महार, मांग, कोल्हाटी. ज्यांच्या श्रमाला समाजाने कधी श्रम मानले नाही, त्यांच्या अपघाताला कायदा तरी अपघात कसा मानणार?

विठाबाई नारायणगावकर यांची आठवण आपण कौतुकाने सांगतो. खेळ चालू असताना कळा आल्या, आत जाऊन बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर आल्या. यात कौतुक कसले? 1928 साली मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला. बाईला मिळणाऱ्या विश्रांतीचा भार सरकारने आणि मालकाने उचलावा, ही त्यांची भूमिका होती. 1929 साली कायदा झाला, पण तो कारखान्यांतील स्त्रियांपुरता. फड कारखाना नव्हता.

पाडव्याच्या सुमारास नारायणगावच्या राहुट्यांत गावोगावचे लोक सुपारी ठरवायला येतात. तिथे तारीख आणि रक्कम ठरते. त्याच कागदावर आणखी एक कलम हवे: मंडप कोसळला, विजेचा धक्का बसला, तर प्रेक्षक व कलावंत दोघांच्या भरपाईसाठी दायित्व विमा सुपारी देणाऱ्याने उतरवावा. उचल घेऊन हंगामभर बांधल्या गेलेल्या कलावंताकडून हप्ता कापू नये. फडमालक स्वतः कर्जात असेल, तर प्रवासातील अपघात विम्याचा हप्ता शासनाने भरावा. आणि कायद्याच्या यादीत तमाशा कलावंत स्पष्ट शब्दांत यावा.

म्हातारपणी मिळणाऱ्या मानधनावर आपली बोळवण होऊ देऊ नका. मानधन शासन देते, भरपाई हक्काने घ्यायची असते.

जय भीम!