पेरलेलं पाणी

धरण होण्याआधी आमच्या भागात भीमा बारमाही वाहत नव्हती. पावसाळ्यात दोन्ही थड्या भरून जायची आणि चैत्र लागला की तिचे डोह व्हायचे. मधल्या वाळूत कलिंगडाचे वेल पसरायचे. डोहातली मासळी मात्र गावाला उन्हाळाभर पुरायची. वाम, मरळ, शिंगटा ही तेव्हाची नावं. वाम कपारीत दडून बसायची, मरळ गवताच्या कडंनं. भोई लोक पहाटे जाळं टाकायचे आणि त्यांच्या बाया पाटी डोक्यावर घेऊन गल्लीनं फिरायच्या. पैका कुणाजवळ नसायचा, मासळीच्या बदल्यात ज्वारी घातली जायची.

मासा कुणी सोडायचा असतो, हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. आमच्या आळीच्या टोकाला एक म्हातारे भोई राहायचे, आम्ही त्यांना आबा म्हणायचो. ते सांगायचे, "पहिलं गढूळ पाणी आलं की मासा वर चढतो, अंडी टाकायला. तेवढे दिवस जाळं दांडीवर वाळू द्यावं." कायदा-बियदा काही नव्हता. आबांचं ऐकायचे सगळे.

1969 साली उजनीच्या धरणाचं काम सुरू झालं आणि 1980 साली पुरं झालं. मी दहावी झालो तवर गावात सामान हलवायची बोलणी लागली होती. काळी रानं, विहिरी, मळे पाण्याखाली गेले. पळसदेवचं जुनं देऊळ बुडालं, अजून पाणी उतरलं की त्याचं शिखर वर येतं. धरणात सगळं मिळून सुमारे 117 टीएमसी पाणी मावतं आणि त्यातलं निम्म्याहून जास्त मृतसाठा आहे. मृत म्हणजे कालव्यात न जाणारं. पण माशाच्या दृष्टीनं तेच जितं पाणी, कारण कडक दुष्काळातही ते तळाशी राहतं.

पाणी वाढलं तशी नदीची मासळी घटली. वाहत्या पाण्यात जगणाऱ्या जातींना उभं पाणी मानवत नाही आणि वर चढायची वाट भिंतीनं अडवली. मग आली गंगेकडची मासळी, कटला, रोहू, मृगळ. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाला. आम्ही तुरीत बाजरी पेरतो तसलाच हा प्रकार, एकाचं खाणं दुसऱ्याच्या आड येत नाही. पण ही जनावरं उभ्या पाण्यात सहसा वीत नाहीत. 1957 साली ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाच्या मेंदूतल्या ग्रंथीचा अर्क टोचून अशी मासळी तळ्यात व्यायला लावली. तेव्हापासून मत्स्यबीज केंद्रात तयार होऊ लागलं. त्या बीजाची बोटाएवढी बोटुकली झाली की ती धरणात सोडायची. म्हणजे हे पाणी सरळसरळ पेरावं लागतं.

चिलापीला मात्र पेरावं लागत नाही. आफ्रिकेतला हा मासा 1952 साली भारतात आणला गेला. मादी अंडी आणि पिल्लं तोंडात धरून राखते, म्हणून कुठंही वाढते. आज भिगवणच्या बाजारात चिलापीचे ढीग दिसतात. गरिबाच्या ताटात ती पडते, तिला नावं ठेवायची नाहीत. पण रानात एकच हराळी माजली तर शेतकऱ्यानं काय समजायचं?

जमीन गेलेल्या कितीकांनी याच पाण्यावर पोट भरलं. भोई होतेच, पण नांगर धरलेल्या हातांनीही जाळी विणली. हिवाळ्यात भिगवण-कुंभारगावला रोहित पक्षी येतात, मध्य आशियातून पट्टकादंब येतो. ते बघायला पुण्या-मुंबईची माणसं येतात आणि मासे धरणारी पोरंच त्यांना होडीतून फिरवतात. पाखराचं नाव इंग्रजीत सांगतात, चार पैसे जास्त मिळतात. चांगलीच गोष्ट आहे. पण हे पाणी गावतळ्याचं नव्हे, वारा सुटला की लाट माणूसभर उठते. 2024च्या मे महिन्यात कळाशी-कुगावच्या दरम्यान वादळात होडी उलटली आणि सहा जीव गेले. होडीत पाय ठेवायच्या आधी अंगात जाकीट असलंच पाहिजे, मग पल्ला अर्ध्या तासाचा असो की पाच मिनिटांचा.

मला घोर लागतो तो बारीक आसाच्या जाळ्यांचा. त्यात बोटुकलीसुद्धा सुटत नाही. पावशेराचा मासा होण्याआधीच ती वाळवून खाद्याला जाते. वरून पुणे-पिंपरीचं सांडपाणी येतं, उन्हाळ्यात पाणी हिरवंगार होतं. त्याचा बंदोबस्त सरकारनं करायचा आहे आणि आपण तो मागत राहायचा आहे. पण जाळ्याचा आस आपल्या हातात आहे. बी मोडून खाल्लं तर पुढच्या साली रान पडीक राहतं, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. आमची काळी रानं या पाण्याखाली आहेत. त्यांच्यावर आता जे पीक उभं आहे ते मासळीचं, आणि तेही कणसात दाणा भरायच्या आत कापलं जातंय. नदी होती तेव्हा चार दिवस जाळं वाळत घालणं पुरायचं. आता पेरायलाही लागतं आणि राखायलाही.