मालिका संपते तिथून पुढे

दूरचित्रवाणीवरच्या ऐतिहासिक मालिकांचा साचा आता आपल्या चांगलाच परिचयाचा झाला आहे. राजवाडा, रात्रीच्या मसलती, पडद्याआडून कान देणारी दासी, दुखावलेली थोरली पत्नी, करारी सासू, आणि या सगळ्यांच्या मध्ये सापडलेले एक प्रेम. ते प्रेम तडीस जाणार नाही हे प्रेक्षकाला पहिल्या भागापासून ठाऊक असते, तरी तो रोज ठरलेल्या वेळी मालिका लावतो. मराठी मुलखात या साच्यात सर्वांत चपखल बसलेली कथा बाजीराव-मस्तानीची. ना. सं. इनामदार यांची ‘राऊ’ ही कादंबरी १९७२ साली आली. तिच्या आधारे संजय लीला भन्साळी यांनी २०१५ मध्ये चित्रपट काढला. २०१७ मध्ये सोनी वाहिनीवर ‘पेशवा बाजीराव’ ही हिंदी मालिका झाली आणि २०२१ मध्ये झी टीव्हीवर ‘काशीबाई बाजीराव बल्लाळ’ सुरू झाली. पुणेकरांनी तर आइस्क्रीम घातलेल्या दाट दुधाच्या पेल्यालाही मस्तानीचे नाव दिले आहे.

आम्ही सीवूड्सला राहतो. इथल्या सोसायट्यांमध्ये कोकणातली मुस्लिम कुटुंबे, घाटावरची हिंदू कुटुंबे, केरळी, गुजराती, सगळे एकाच जिन्याने वरखाली करतात आणि संध्याकाळी बंद दारांमागून एकाच मालिकेचे संगीत ऐकू येते. मस्तानी मेल्यावर मोठी माणसे डोळे पुसून उठतात. मुले मात्र विचारतात, ‘‘तिच्या मुलाचं पुढे काय झालं?’’ या प्रश्नाला बहुतेक घरांत उत्तर मिळत नाही, कारण मालिकेने ते दिलेले नसते. मराठी मुसलमानांच्या दृष्टीने हा प्रश्न महत्त्वाचा आहे, म्हणून हा लेख त्या प्रश्नासाठी आहे.

आधी ज्ञात इतिहास पाहू. बुंदेलखंडचा राजा छत्रसाल याला महंमद खान बंगश याने जैतपूरला वेढले असता १७२९ मध्ये बाजीराव त्याच्या मदतीला धावून गेला. परंपरेनुसार मस्तानी ही छत्रसालाची मुस्लिम स्त्रीपासून झालेली मुलगी. दुसऱ्या मतानुसार ती नृत्यगायनात निपुण असलेली कलावंतीण होती. तिच्या कुळाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. रियासतकार गो. स. सरदेसाई यांच्या मते तिचा पहिला विश्वसनीय उल्लेख जानेवारी १७३० मध्ये झालेल्या नानासाहेबांच्या लग्नाच्या कागदांत येतो. त्याच महिन्यात शनिवारवाड्याचा पाया घातला गेला. दोन वर्षांनी वाडा उभा राहिला, त्यात मस्तानीसाठी स्वतंत्र महाल होता, आणि वाड्याच्या एका दरवाजाला तिचे नाव पडले. १७३४ मध्ये तिला मुलगा झाला. मराठ्यांच्या इतिहासात तो समशेर बहाद्दर या नावाने ओळखला जातो.

आता एक योगायोग लक्षात घ्यावा. त्याच १७३४ साली काशीबाईंच्या पोटी रघुनाथराव जन्मला, म्हणजेच पुढचा राघोबादादा. एकाच बापाची, एकाच वयाची दोन मुले. या दोन मुलांकडे नजर ठेवली की वाड्यातल्या कटकटींचा खरा अर्थ कळू लागतो.

मालिकांमध्ये हा झगडा दोन सवतींचा असतो. काशीबाई आणि मस्तानी यांना समोरासमोर उभे करायचे, मधे राधाबाईंना आणायचे, की महिनाभराचे भाग निघतात. २०१५च्या चित्रपटाने तर दोघींना एकत्र नाचवले आणि त्यावर बराच वाद झाला. प्रत्यक्षात या प्रकरणातले निर्णय घेणारे बहुतेक पुरुष होते. त्यांत पुढे होते बाजीरावाचे धाकटे बंधू चिमाजी आप्पा आणि अवघा एकोणीस वर्षांचा थोरला मुलगा नानासाहेब.

चिमाजी आप्पा आम्हा नवी मुंबईकरांना परका नाही. सीवूड्स-दारावेच्या पुढचे स्थानक बेलापूरचे. तिथल्या खाडीकाठी पडक्या किल्ल्याचे अवशेष आहेत. १७३०च्या दशकात मराठ्यांनी तो पोर्तुगिजांकडून घेतला, आणि त्या साऱ्या उत्तर कोकणच्या लढ्याची सूत्रे चिमाजी आप्पांकडे होती. मे १७३९ मध्ये वसई पडली तेव्हा त्यांची कीर्ती शिखरावर होती. फिरंग्यांच्या तटबंदीपुढे न डगमगलेला हा माणूस पुढच्याच हिवाळ्यात पुण्यात एका घरगुती प्रश्नापुढे हतबल झाला. मस्तानीला ठेवायचे कुठे, हा तो प्रश्न.

कारण १७४०च्या फेब्रुवारीत घरात दोन कार्ये होती. रघुनाथरावाची मुंज आणि चिमाजींचा मुलगा सदाशिवराव याचे लग्न. पेशव्यांची सत्ता फौजेच्या जोरावर वाढली, पण पुण्याच्या समाजात त्यांची प्रतिष्ठा धर्मकार्यांवर तोललेली होती. मुस्लिम स्त्रीशी उघड संबंध ठेवणारा, मद्यमांसाचा आरोप असलेला यजमान मांडवात बसला तर भटजी कार्य चालवतील का, ही घरच्यांची धास्ती होती. म्हणून बाजीराव मोहिमेसाठी पुण्याबाहेर असताना जानेवारी १७४० मध्ये मस्तानीला नजरकैदेत टाकण्यात आले. कारस्थान म्हणतात ते हेच. त्यात ना विषाचा पेला होता, ना मारेकरी. होती ती पाहुण्यांची यादी, मुहूर्त आणि लोक काय म्हणतील ही भीती. आजही किती घरांत आंतरधर्मीय लग्न झालेल्या मुलाला किंवा मुलीला ‘एवढं कार्य होऊन जाऊ दे, मग ये’ असे सांगितले जाते, हे वाचकांनी आठवून पाहावे.

या प्रकरणात सर्वांत समंजस आवाज छत्रपती शाहूंचा दिसतो. साताऱ्याहून पुण्याला गेलेल्या पत्रव्यवहारातून त्यांचे मत कळते. बाजीरावाचे मन दुखवू नये, त्याच्याबाबतीत जुलूम करू नये, असा त्यांचा कल होता. छत्रपतींपुढे हा प्रश्न धर्मशास्त्राचा नव्हता, राज्याच्या मुख्य सेनानीच्या मनःस्थितीचा होता. पुण्याने ते ऐकले नाही.

बाजीरावाने त्याच दिवसांत निजामाचा मुलगा नासिरजंग याचा पराभव केला, फेब्रुवारीच्या अखेरीस मुंगी-पैठणचा तह झाला, आणि तिथून तो पुण्याकडे न वळता नर्मदेकडे निघून गेला. २८ एप्रिल १७४० रोजी रावेरखेडी इथे तापाने त्याचा अंत झाला. वय चाळीसही पुरे नव्हते. पाठोपाठ मस्तानीही गेली. तिने हिरा गिळला, ती सती गेली, अशा अनेक कथा आहेत आणि मालिकावाले त्यांतली सोयीची निवडतात. त्याच वर्षाच्या डिसेंबरात चिमाजी आप्पाही वारले. मालिका इथे संपते.

परंतु घर संपले नव्हते. सहा वर्षांचा समशेर पोरका झाला होता. त्याचा सांभाळ काशीबाईंनी केला असे मानले जाते, आणि ज्या नानासाहेबाने त्याच्या आईला कैद केले त्यानेच पेशवा झाल्यावर या सावत्र भावाला सरदारकी दिली. समशेर मुसलमान म्हणून वाढला. बाजीरावाची इच्छा त्याची मुंज करण्याची होती व भटजींनी नकार दिला, असे परंपरा सांगते. रघुनाथरावाची मुंज झाली, समशेरची झाली नाही. पंक्तीत त्याला जागा नव्हती, रणांगणात होती.

१४ जानेवारी १७६१ रोजी तो पानिपतावर होता. सेनापती होता सदाशिवराव भाऊ, ज्याच्या लग्नाच्या वेळी समशेरच्या आईला नजरेआड केले गेले होते. भाऊ रणात पडला. समशेर जखमी अवस्थेत सुरजमल जाटाच्या मुलखात डीगपर्यंत पोहोचला आणि तिथेच वारला. तेव्हा तो जेमतेम सत्तावीस वर्षांचा होता. याच लढाईत तोफखान्याचा प्रमुख इब्राहिमखान गारदी शेवटपर्यंत भाऊंबरोबर राहिला आणि मारला गेला. पानिपतची गोष्ट मराठे विरुद्ध मुसलमान अशी सांगितली जाते तेव्हा ही दोन नावे वगळावी लागतात.

समशेरचा मुलगा अली बहाद्दर. त्याला नाना फडणिसांनी उत्तरेत महादजी शिंद्यांच्या मदतीला पाठवले. तिथे १७८९ मध्ये एक प्रसंग घडला, जो कुठल्याही मालिकेला शोभेल. महादजी आजारी पडले आणि हिंमत बहाद्दर गोसावी याने आपल्यावर करणी केली असा त्यांना संशय आला. गोसावी पळाला तो थेट अली बहाद्दरच्या छावणीत, पेशव्यांच्या निशाणाखाली. अली बहाद्दरने त्याला महादजींच्या हवाली करायचे नाकारले. एका हिंदू गोसाव्याला एका हिंदू सरदाराच्या रोषापासून मस्तानीच्या नातवाने आसरा दिला, आणि तो पेशव्यांचा माणूस या नात्याने! पुढे या दोघांनी मिळून बुंदेलखंडाचा मोठा भाग जिंकला. आजीच्या माहेरच्या मुलखात नातवाचे राज्य उभे राहिले. कालंजरच्या वेढ्यात १८०२ मध्ये तो मरण पावला. त्याच्या वंशजांना बांद्याचे नवाब म्हणतात. इंग्रजांनी त्यांना सालिना चार लाखांची नेमणूक देऊन बांद्यात राहू दिले.

बांद्याजवळच कर्वी आहे. तिथे पेशव्यांची दुसरी शाखा नांदत होती. ती अमृतरावाची, म्हणजे रघुनाथरावाच्या दत्तक मुलाची. १७४० साली ज्याची मुंज झाली त्याचे घराणे कर्वीत, आणि ज्याची आई त्या मुंजीसाठी कैदेत पडली त्याचे घराणे बांद्यात, असे शेजार इतिहासानेच घडवून आणले. १८५७ च्या उठावात बांद्याचा नवाब दुसरा अली बहाद्दर इंग्रजांविरुद्ध उतरला. १८५८ मध्ये जनरल व्हिटलॉकच्या फौजेने एप्रिलात बांदा घेतले आणि जूनमध्ये कर्वी. नवाब तोवर काल्पीला, झाशीची राणी आणि तात्या टोपे यांच्या बाजूने लढायला गेला होता. दोन्ही घरांच्या खजिन्याची लूट एकत्र झाली आणि तिच्या वाटणीवरून इंग्रज सेनाधिकाऱ्यांमध्येच तंटा लागला. ‘बांदा आणि कर्वीची लूट’ या नावाने तो खटला लंडनच्या न्यायालयात चालला आणि १८६६ मध्ये निकाल लागला. पुण्याच्या भटजींना जे दोन वंश एका मांडवात चालले नाहीत, ते इंग्रजांच्या दप्तरात एकाच मथळ्याखाली बसले. नवाबाची चार लाखांची नेमणूक गेली. छत्तीस हजारांवर त्याला इंदूरला राहावे लागले आणि १८७३ मध्ये तो वारला.

हे सगळे सांगण्याचा हेतू हिंदू-मुस्लिम ऐक्याचा गोडवा गाणे हा नाही. या घरात अन्याय झाला, तो एका स्त्रीवर झाला, आणि तिच्या मुलाला घरात घेतानाही उंबरठ्याची एक रेघ कायम ठेवली गेली. ती रेघ पुसून दाखवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पण ज्यांनी ती रेघ ओढली त्यांनीच त्या मुलाला निशाण दिले, आणि त्या मुलाच्या वंशाने चार पिढ्या ते निशाण आपले मानले, हेही तितकेच खरे आहे.

मालिकेतला मुसलमान बहुधा दोनच रूपांत येतो, बाहेरून चालून आलेला शत्रू किंवा बाहेरून आलेली नर्तकी. शत्रू हरतो, नर्तकी मरते, आणि घर पूर्ववत होते. आपल्या मुलांच्या मनात त्यातून एवढेच उरते की आपले इथले असणे तात्पुरते आहे, कथेच्या सोयीपुरते आहे. समशेर बहाद्दर आणि अली बहाद्दर ही नावे त्यांना माहीत असतील तर तसे वाटणार नाही. त्यांच्या ध्यानात येईल की मस्तानीच्या मृत्यूने ते प्रेम निष्फळ ठरले नाही, त्यातून एक मराठी मुसलमान घराणे उभे राहिले.

मस्तानीची कबर पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात पाबळ इथे आहे. पाबळ हे तिच्या इनामाचे गाव. तिथे कुणी त्या जागेला मजार म्हणतात, कुणी समाधी म्हणतात. नवी मुंबईहून सकाळी निघाले तर दिवसभरात जाऊन येता येते. शाळेच्या सुट्टीत मुलांना शनिवारवाडा दाखवायला नेणाऱ्या पालकांनी पाबळचा फेरा जरूर जोडावा, आणि परतीच्या वाटेवर त्यांना समशेरची गोष्ट पानिपतापर्यंत आणि बांद्याची गोष्ट १८५८ पर्यंत सांगावी.