अंडमोचन आणि प्रोजेस्टेरॉन

अंडमोचन आणि प्रोजेस्टेरॉन : अंडाशयातील पक्व पुटक फुटून अंडपेशी बाहेर पडते, या घटनेला अंडमोचन म्हणतात. फुटलेल्या पुटकाच्या जागी पीतपिंड नावाची तात्पुरती ग्रंथी तयार होते आणि तिच्यातून प्रोजेस्टेरॉन हे हॉर्मोन स्रवते. दर महिन्याला पाळी येते म्हणजे अंडमोचनही होतच असणार, असे बहुतेक घरांत गृहीत धरले जाते. हा समज अपुरा आहे. रक्तस्रावावरून अंडमोचनाची खात्री देता येत नाही. ती खात्री बऱ्याच अंशी प्रोजेस्टेरॉनच्या वाढीवरून मिळते, मात्र रक्त चक्राच्या योग्य दिवशी तपासलेले असावे लागते. सुरतेसारख्या कष्टकरी शहरात, जिथे एकेका तपासणीचा खर्च घराच्या हिशेबात मोजला जातो, तिथे हा फरक समजून घेणे विशेष महत्त्वाचे आहे.

चक्राच्या पूर्वार्धात वाढणारे पुटक इस्ट्रोजेन तयार करते आणि त्यामुळे गर्भाशयाचे अस्तर जाड होते. रक्तातील इस्ट्रॅडिओल हे इस्ट्रोजेन साधारण 200 पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर या पातळीवर सुमारे दोन दिवस टिकले, की मेंदूच्या तळाशी असलेली पोषग्रंथी एलएच हे हॉर्मोन मोठ्या प्रमाणात सोडते. एलएचची ही लाट सुरू झाल्यापासून सुमारे 36 तासांत पुटक फुटते. रिकाम्या पुटकाच्या भिंतीत नव्या रक्तवाहिन्या शिरतात, त्यांच्यातून कोलेस्टेरॉन येते आणि पीतपिंडाच्या पेशी त्यापासून प्रोजेस्टेरॉन घडवतात. पूर्वार्धात 1 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या आसपास किंवा त्याहून कमी असलेली पातळी अंडमोचनानंतर सातव्या दिवसाच्या सुमारास अनेकदा 10 ते 20पर्यंत चढते. जाड झालेले अस्तर या हॉर्मोनमुळे गर्भ रुजण्याजोगे होते. गर्भ रुजला तर त्याच्याकडून येणारे एचसीजी हॉर्मोन पीतपिंडाला जगवते. तो रुजला नाही तर पीतपिंड साधारण 14 दिवसांत विरतो, प्रोजेस्टेरॉन घसरते आणि पाळी येते. म्हणजे अंडमोचनानंतरची पाळी ही प्रोजेस्टेरॉन ओसरल्याची खूण असते.

हे नाते उलट दिशेनेही चालते. गर्भ टिकण्यासाठी पीतपिंड लागतो, हे लुडविग फ्रेंकेल यांनी 1903मध्ये सशांवरील प्रयोगांतून दाखवले. 1929मध्ये जॉर्ज कॉर्नर आणि विलार्ड ॲलन यांनी पीतपिंडाच्या अर्काने अंडाशय काढलेल्या सशिणीतही गर्भ टिकवला आणि 1934मध्ये शुद्ध हॉर्मोन हाती आले. पुढे 1937मध्ये प्रोजेस्टेरॉन दिल्यास सशांमधील अंडमोचन थांबते, असे आढळले. अंडमोचनातून जन्मणारे हे हॉर्मोन पीतपिंड असेपर्यंत पोषग्रंथीला आवरून धरते आणि दुसरे अंडमोचन होऊ देत नाही. गर्भनिरोधक गोळीचा पाया हाच. सरकारी दवाखान्यांत 2017पासून मिळणारे ‘अंतरा’ हे तीन महिन्यांचे इंजेक्शनही प्रोजेस्टेरॉनसारख्या औषधाचेच आहे आणि तेही मुख्यतः अंडमोचन रोखते. म्हणून ‘प्रोजेस्टेरॉनच्या गोळीने अंड तयार होते’ ही समजूत चुकीची आहे. अंडमोचनापूर्वी पुरेशा मात्रेत घेतलेले असे औषध ते लांबवू किंवा थांबवू शकते.

अंडमोचन झाले नाही तर रक्त का जाते, असा पहिला आक्षेप येतो. त्याचे उत्तर अस्तरात आहे. पुटक फुटले नाही तर पीतपिंड होत नाही, प्रोजेस्टेरॉन मिळत नाही आणि एकट्या इस्ट्रोजेनवर वाढत राहिलेले अस्तर आधार सुटला की अनियमितपणे गळू लागते. हा रक्तस्राव पाळीसारखाच दिसतो, कधी उशिरा येतो, कधी जास्त दिवस चालतो. पाळी सुरू झाल्यावरच्या पहिल्या काही वर्षांत आणि पाळी जाण्याच्या आधीच्या काळात अशी चक्रे नेहमीची असतात. पीसीओएस या अंडाशयाशी निगडित विकारात ती वारंवार होतात. गणपती, गौरी किंवा घरच्या पूजेसाठी पाळी पुढे ढकलण्याची नॉरएथिस्टेरॉन या प्रोजेस्टेरॉनसारख्या औषधाची गोळी हेच वेगळ्या रीतीने दाखवते. गोळी चालू असते तोवर अस्तर धरून राहते आणि ती थांबवल्यावर बहुधा दोन-तीन दिवसांत रक्त जाते. त्या रक्तावरून त्या महिन्यात अंडमोचन झाले की नाही, हे कळत नाही.

दुसरा प्रश्न मोजण्याचा. ‘एकविसाव्या दिवसाची तपासणी’ हा शब्दप्रयोग 28 दिवसांच्या चक्राला धरून आहे. जपानचे क्यूसाकू ओगिनो यांनी 1924मध्ये मांडले, की अंडमोचन पुढच्या पाळीच्या 12 ते 16 दिवस आधी होते. चक्र लांबते ते मुख्यतः पूर्वार्धात. म्हणून दिवस मागून मोजावा आणि रक्त पुढच्या अपेक्षित पाळीच्या सुमारे सात दिवस आधी द्यावे. 35 दिवसांच्या चक्रात तो दिवस अठ्ठाविसावा. तिथे एकविसाव्या दिवशी रक्त दिले तर आकडा कमीच येणार आणि निरोगी स्त्रीच्या माथी नसलेला दोष बसणार. प्रोजेस्टेरॉनमुळे पहाटेचे तापमान 0.3 ते 0.5 अंश सेल्सिअसने चढते, त्यावरूनही अंदाज घेता येतो. पण त्यासाठी सलग झोप झाल्यावर, अंथरुणातून उठण्याआधी तापमान घ्यावे लागते. सुरतेच्या लिंबायत, उधना, डिंडोली भागांत खानदेशातून आलेली असंख्य मराठी कुटुंबे यंत्रमागाच्या बारा तासांच्या पाळ्यांवर जगतात. रात्रपाळीहून येणाऱ्या माणसासाठी पहाटे उठणाऱ्या, तुटक झोपेच्या बाईला तापमानाच्या नोंदीपेक्षा योग्य तारखेची रक्ततपासणी अधिक उपयोगी ठरते.

अभ्यासकांचे आक्षेप याहून बारीक आहेत. अंडमोचनाच्या थोडे आधीच प्रोजेस्टेरॉन किंचित वाढते, मग त्याला अंडमोचनाचा परिणाम कसे म्हणावे? ही वाढ खरी आहे. एलएचची लाट येताच न फुटलेल्या पुटकातही ते बनू लागते आणि भिंत फुटण्यासाठी ते लागते. पेशींत प्रोजेस्टेरॉनचा ग्राही (रिसेप्टर) नसलेल्या उंदरांच्या माद्यांमध्ये अंडमोचन होत नाही, हे 1995मध्ये सिद्ध झाले. परंतु दिवसेंदिवस टिकणारी मोठी वाढ पीतपिंडाचीच असते, म्हणूनच अंडमोचन झाले असे मानण्यासाठी 3 नॅनोग्रॅमच्या वरची पातळी पाहतात. कधी कधी पुटक न फुटताच पीतपिंडात बदलते आणि आकडा चढतो, अंडपेशी मात्र आतच राहते. तेव्हा हा पुरावा भक्कम असला तरी अप्रत्यक्ष आहे. आणखी एक मर्यादा अशी, की उत्तरार्धात प्रोजेस्टेरॉन झटक्यांनी स्रवते. 1984च्या अभ्यासात एकाच स्त्रीत काही मिनिटांच्या अंतराने पातळी कित्येक पटींनी बदललेली दिसली. त्यामुळे 6 की 16 या फरकावरून पीतपिंड दुबळा ठरवणे धोक्याचे आहे. या सर्व आक्षेपांनी पुराव्याच्या मर्यादा दाखवल्या, पुरावा खोडून काढला नाही.

सुरत महानगरपालिका मराठी माध्यमाच्याही शाळा चालवते. तिथल्या वयात येणाऱ्या मुलींना पाळीबरोबर अंडमोचनही समजावून सांगायला हवे, म्हणजे सुरुवातीच्या अनियमिततेने घर घाबरणार नाही आणि पुढे वर्षानुवर्षे लांबणारी पाळी दुर्लक्षितही राहणार नाही. प्रोजेस्टेरॉनचा अहवाल हाती आला की आकड्याआधी दोन तारखा पाहाव्यात : रक्त कोणत्या दिवशी दिले आणि त्यानंतर पाळी कोणत्या दिवशी आली. या दोन तारखांशिवाय त्या आकड्यावरून कोणताही निष्कर्ष काढू नये.