घोड्याला ‘हलू नको’ कोण सांगणार?

पेट-नेटच्या तयारीत असलेल्या मित्रमैत्रिणींशी बोलताना एक गोष्ट सारखी जाणवते. एखाद्या यंत्राचा इतिहास लिहायला सांगितला की आपण आधी शोधाची तारीख टाकतो. रंटगेन यांना ८ नोव्हेंबर १८९५ रोजी क्ष-किरण दिसले, त्याच वर्षी २२ डिसेंबरला त्यांनी पत्नीच्या हाताचं छायाचित्र घेतलं, झालं. मग पुढे सोनोग्राफी, सीटी, एमआरआय अशी रांग. माणसांच्या वैद्यकात ही रांग एक वेळ चालून जाते. जनावरांच्या वैद्यकात मात्र ती पहिल्याच पायरीवर अडते. रंटगेनबाईंनी आपला हात जवळजवळ पंधरा मिनिटं हलवला नव्हता. घोडा हे करेल का? मांजर करेल का?

मराठीनं ‘एक्स’चं ‘क्ष’ केलं, पण जनावरांच्या दवाखान्यात लोक अजूनही ‘फोटो काढला’ असंच म्हणतात. मला हा शब्द जास्त नेमका वाटतो. कारण हललं की फोटो बिघडतो, आणि पशुवैद्यकातल्या चित्रणाचा निम्मा इतिहास या एका अडचणीभोवती फिरतो.

सुरुवात घोड्यापासून झाली, आणि तेही समजण्यासारखं आहे. आपल्याच शहराचं बघा. इथल्या छावणीत हैदराबाद कंटिंजंटचा रिसाला असायचा. १८५७ च्या जूनमध्ये बंड केलं ते त्याच घोडदळानं. घोडदळात एक घोडा लंगडला की एक स्वार कमी. त्यामुळे लंगडेपणा ओळखणं हे पशुवैद्याचं पहिलं कौशल्य होतं. घोडा कडक जमिनीवर चालवायचा, पाय टेकताना मान कशी वर-खाली होते ते बघायचं, खुराला चिमटा लावून दुखरी जागा शोधायची. परळला १८८६ मध्ये मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालयाच्या आधारानं. त्याचे पहिले प्राचार्य जे. एच. स्टील १८९१ मध्ये वारले. म्हणजे त्यांनी शिकवलेलं सगळं निदान डोळा, कान आणि हात यांच्या जिवावरचं होतं. खुराच्या आत नावेच्या आकाराचं एक छोटं हाड असतं, तिथला आजार बाहेरून दिसत नाही. त्यांच्या विद्यार्थ्यांना ते हाड बघायला मिळायचं ते घोडा मेल्यावर.

१८९६ मध्येच बर्लिनला एबरलाइन आणि लंडनला हॉबडे यांनी जनावरांवर क्ष-किरण वापरून पाहिले. घोड्याचा पाय यासाठी सोयीचा होता, कारण खालचा भाग बारीक, आणि एक माणूस तो धरून ठेवू शकतो. घोड्याचं धड मात्र आजही हातात धरता येणाऱ्या यंत्राला दाद देत नाही. हॉबडे यांचं नाव लक्षात ठेवा. कुत्र्या-मांजरांना भूल देण्याच्या कामात पुढे असलेला माणूस तोच. १९१५ मध्ये त्यांचं प्राणी-पक्ष्यांच्या भुलीवरचं पुस्तक आलं. क्ष-किरण आणि भूल या दोन्हींत एकाच माणसाला रस असावा, हा मला योगायोग वाटत नाही. स्थिर जनावर मिळालं तरच चित्र मिळणार होतं.

कुत्र्यांच्या बाबतीत हे आणखी स्पष्ट दिसतं. १९३५ मध्ये अमेरिकेत श्नेल यांनी कुत्र्याच्या खुब्याच्या सांध्यातला जन्मजात सैलपणा नोंदवला. त्याच्या तपासणीसाठी कुत्र्याला पाठीवर झोपवून मागचे दोन्ही पाय सरळ, समांतर ताणावे लागतात. जाग्या जर्मन शेफर्डला असं झोपवून बघा! १९६२ मध्ये तयार झालेलं झायलाझिन पुढे पशुवैद्यकात रुळलं, तेव्हा हे काम खऱ्या अर्थानं सोपं झालं. पण गुंगीला खर्च आहे, धोका आहे, वेळ लागतो. मग काय करायचं? धरायचं.

आता मुद्द्यावर येते. जुनी पशुवैद्यकीय फिल्म हाती आली तर मधलं मोडलेलं हाड लगेच बघू नका, कडा बघा. कित्येकदा तिथे माणसाच्या बोटांची हाडं दिसतात. धरणाऱ्याची. नोंदवहीत कुत्र्याचं नाव, जात, वय, मालक, डॉक्टर सगळं असेल. ती बोटं कुणाची ते नसेल. एडिसन यांचा सहायक क्लॅरेन्स डॅली क्ष-किरणांच्या प्रयोगांत स्वतःचे हात वापरत राहिला, हात कापावे लागले आणि १९०४ मध्ये तो गेला. त्याचं नाव तरी आपल्याला माहीत आहे. परिचर, मोतद्दार, मालकाचा मुलगा यांची नावं कुठे शोधणार?

आज नियम आहेत. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाच्या मर्यादेनुसार किरणोत्सारात काम करणाऱ्याला पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, सामान्य माणसाला १. कर्मचाऱ्याच्या छातीवर मात्रा मोजणारा बिल्ला असतो. आपलं कुत्रं धरून उभ्या असलेल्या मालकाकडे तो नसतो. शिशाचा ॲप्रन विखुरलेल्या किरणांपासून वाचवतो, थेट झोतात घातलेल्या हातासाठी तो नाही. वाळूच्या पिशव्या, पट्ट्या, फोमचे ठोकळे, घोड्यासाठी लांब दांड्याचा कॅसेट-धारक या साध्या वस्तूंचा इतिहास कुणी लिहिलेला मला तरी दिसला नाही. विषय शोधत असाल तर घ्या, मोकळा आहे.

सोनोग्राफीनं धरणाऱ्या हातावरचं हे संकट टाळलं, कारण तिथे किरणोत्सार नाही. १९८० मध्ये फ्रान्समध्ये पामर आणि ड्रियानकूर यांनी घोडीचा गर्भ पडद्यावर हलताना पाहून निदान केलं; घोडीला जुळं धोक्याचं, त्यामुळे शर्यतीचे घोडे पैदा करणाऱ्यांना हे तंत्र लगेच पटलं. आपल्याकडे मात्र या यंत्राभोवती १९९४ चा गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा आहे, आणि यंत्राची विक्री नोंदणीशी बांधलेली आहे. म्हणून पशुवैद्यकीय सोनोग्राफीचा इतिहास फक्त पशुवैद्यकाच्या कागदांत सापडणार नाही. आरोग्य खात्याच्या फायलीही उघडाव्या लागतील. सीटी आणि एमआरआयला तर जनावर बहुतेकदा पूर्ण भुलीखाली लागतं. मुंबईत महालक्ष्मीला २०२४ मध्ये सुरू झालेल्या टाटा ट्रस्ट्सच्या लहान प्राण्यांच्या रुग्णालयासारख्या ठिकाणी यंत्राइतकीच भूलतज्ज्ञाची गरज म्हणूनच असते.

जाता जाता एक छोटा दुवा. आपल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत, परभणीतही, विभागाचं नाव शल्यचिकित्सा व क्ष-किरणशास्त्र असं जोडून येतं. चित्र काढणं आणि कापणं एकाच छताखाली का राहिलं, हा प्रश्न घेऊन जुने अभ्यासक्रम आणि विभागांचे वार्षिक अहवाल वाचा. परिचरांची पदं कुठल्या वर्षी मंजूर झाली तेही त्याच अहवालांत मिळू शकतं. निवृत्त परिचर भेटले तर यंत्राबद्दल नंतर विचारा. आधी विचारा, जनावर कसं धरायचात.