पूर्वनियोजन आणि इच्छास्वातंत्र्य : नागपूरच्या ख्रिस्ती मंडळ्यांतील तारणविचार

पूर्वनियोजन म्हणजे कोणाचे तारण होणार हे देवाने जगाच्या उत्पत्तीपूर्वीच ठरवले आहे, असे मानणारा ख्रिस्ती सिद्धांत. देवाची हाक स्वीकारायची की नाकारायची हे माणसाच्या हाती असते, ही त्यासमोर उभी राहणारी धारणा म्हणजे इच्छास्वातंत्र्य. दोन्ही बाजू एकाच बायबलातून बोलतात. रोमकरांस पाठवलेल्या पत्राच्या आठव्या व नवव्या अध्यायांत आणि इफिसकरांस पत्राच्या आरंभी पौल देवाच्या निवडीविषयी लिहितो. सर्व माणसांचे तारण व्हावे अशी देवाची इच्छा आहे, हे वचन तीमथ्याला पाठवलेल्या पहिल्या पत्रात येते. या प्रश्नावर युरोपात मंडळ्या फुटल्या, धर्मसभा भरल्या, माणसे हद्दपार झाली. पुढे परस्परविरोधी उत्तरे घेऊन आलेले मिशनरी ज्या मोजक्या भारतीय शहरांत शेजारी-शेजारी काम करू लागले, त्यांत नागपूर आहे. आणि त्यांच्यापैकी अनेकांच्या वारस मंडळ्या १९७० मध्ये याच शहरात एक झाल्या.

मराठी वाचक या सिद्धांताला चटकन प्रारब्ध समजतो. ते बरोबर नाही. प्रारब्ध हे ज्याचे त्याने केलेल्या कर्माचे फळ असते. ते भोगायचे असले तरी त्याचा हिशेब माणसाच्याच खात्यावर असतो. पूर्वनियोजनात असा हिशेबच नाही. निवड होते ती माणसाच्या पुण्याईमुळे नव्हे, तर देवाच्या मर्जीने आणि कृपेने. म्हणूनच हा सिद्धांत एकाला मोठा दिलासा देतो आणि दुसऱ्याची झोप उडवतो. आपल्याकडे त्याच्या जवळचा वाद शोधायचाच तर तो दक्षिणेच्या श्रीवैष्णवांत सापडतो. मांजर पिलाला तोंडात धरून नेते तसा देव भक्ताला नेतो, की माकडाचे पिलू आईच्या पोटाला बिलगते तसे भक्तालाही धरून राहावे लागते, यावर तेंगलै आणि वडगलै हे पंथ वेगळे झाले.

ख्रिस्ती परंपरेत या वादाला ठाम आकार दिला तो उत्तर आफ्रिकेतील बिशप ऑगस्टीन (३५४–४३०) याने. माणूस आपल्या प्रयत्नाने पापमुक्त राहू शकतो, या पेलाजियसच्या मताला त्याने कडाडून विरोध केला. ४१८ च्या कार्थेज सभेने पेलाजियसचे मत फेटाळले. सोळाव्या शतकात जिनिव्हाचा सुधारक जॉन कॅल्व्हिन याने निवडीबरोबरच नाकारले जाणेही देवाच्या ठरावात घातले. हॉलंडमधील याकोबस आर्मिनियसने (मृत्यू १६०९) त्यावर हरकत घेतली : कोण विश्वास ठेवील हे देव आधीच जाणतो आणि त्या ज्ञानाच्या आधारे निवड करतो. १६१८-१९ च्या डॉर्ट सभेने आर्मिनियसच्या अनुयायांचे मत बाद ठरवले. पण अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन वेस्लीने तीच बाजू उचलली आणि मेथडिस्ट चळवळीतून ती जगभर गेली. रोमन कॅथलिकांतही डोमिनिकन आणि जेझुइट या संघांत असाच वाद पेटला होता. दोघांनी एकमेकांना पाखंडी म्हणू नये, एवढेच सांगून पोप पाचव्या पॉलने १६०७ मध्ये तो निकाल न देता थांबवला. तो वाद चालू असताना गोव्यात थॉमस स्टीफन्स हा जेझुइट धर्मगुरू मराठीत लिहीत होता. आदामाच्या पतनापासून ख्रिस्तापर्यंतची कथा सांगणारे त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले. ख्रिस्ती तारणकथा मराठी ओवीत आली ती अशी, थेट त्या काळात.

नागपुरात कॅल्व्हिनची परंपरा आली ती स्कॉटलंडमार्गे. १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या राजमान्य चर्चमधून बाहेर पडलेल्यांनी फ्री चर्च स्थापन केले. त्याचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप (१८१७–१८६३) १८४५ मध्ये नागपूरला पोहोचले, त्या वेळी इथे भोसल्यांचे राज्य होते. फ्री चर्चच्या प्रत्येक धर्मोपदेशकाला वेस्टमिन्स्टरचा विश्वासनामा मान्य करावा लागे. सतराव्या शतकाच्या मध्यावर लंडनमध्ये तयार झालेल्या या विश्वासनाम्याचा तिसरा अध्याय देवाच्या सनातन ठरावावर आहे. काहींना जीवनासाठी व काहींना मरणासाठी आधीच नेमले आहे, असे तो सांगतो. नववा अध्याय माणसाच्या इच्छेवर आहे, आणि ती जबरदस्तीने वळवली जात नाही असेही तो म्हणतो. दोन्ही विधाने एकाच दस्तऐवजात आहेत, हे त्याचे टीकाकार अनेकदा विसरतात.

मग प्रश्न पडतो : निवड आधीच झाली असेल तर एडिंबराहून नागपूरच्या सीताबर्डीपर्यंत यायचे कशाला? कॅल्व्हिनवाद्यांचे उत्तर असे, की देव जसे ध्येय ठरवतो तसेच साधनही ठरवतो. उपदेश हे ते साधन. कोण निवडलेला आहे हे उपदेशकाला ठाऊक नसते, त्यामुळे त्याने सर्वांनाच बोलावले पाहिजे. नागपुरात या विश्वासातून शाळा निघाल्या. भूगर्भशास्त्राचे संशोधन झाले; हिस्लॉपाइट या खनिजाला हिस्लॉप यांचे नाव आहे. मध्य प्रांतातील आदिवासींविषयी त्यांनी केलेली टिपणे त्यांच्या मृत्यूनंतर ब्रिटिश अधिकारी रिचर्ड टेंपल यांनी छापून प्रसिद्ध केली. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटहून परतताना पाणी चढलेल्या ओढ्यात हिस्लॉप बुडाले. १८८३ मध्ये मिशनने उभारलेल्या महाविद्यालयाला त्यांचेच नाव दिले गेले. सगळे ठरलेलेच आहे असे मानणारा माणूस हातावर हात ठेवून बसतो, हा आरोप हिस्लॉप यांच्या अठरा वर्षांच्या कामापुढे टिकत नाही.

दुसरी परंपरा जवळपास त्याच वेळी आली, तीही जिनिव्हाच्या छायेतून. फ्रान्सिस डी सेल्स (१५६७–१६२२) हे जिनिव्हाचे कॅथलिक बिशप होते, पण ते शहर कॅल्व्हिनच्या अनुयायांच्या ताब्यात असल्याने त्यांना अ‍ॅनेसी गावात राहून कारभार करावा लागे. त्यांच्या नावाने अ‍ॅनेसीत १८३८ मध्ये स्थापन झालेल्या संघाचे धर्मगुरू १८४० च्या दशकापासून भारतात आले आणि कामठी-नागपूर भागात स्थिरावले. नागपूरचे कॅथलिक कॅथीड्रल आणि एसएफएस ही तीन अक्षरे लावणारी शाळा व महाविद्यालय याच संताच्या नावाची आहेत. ती अक्षरे गणवेशावर रोज मिरवणाऱ्या फार थोड्या विद्यार्थ्यांना ठाऊक असेल, की पूर्वनियोजनाच्या प्रश्नाने या माणसाला तरुणपणी अंथरुणाला खिळवले होते.

१५८६-८७ चा तो हिवाळा. पॅरिसमध्ये जेझुइटांच्या महाविद्यालयात शिकणारा एकोणीस वर्षांचा फ्रान्सिस त्या काळी विद्यापीठात गाजणाऱ्या या वादात सापडला. आपण नाकारलेल्यांपैकी असलो तर, या विचाराने त्याचे खाणे-झोपणे सुटले, अंग पिवळे पडले. हे काही आठवडे चालले. अखेर एका चर्चमध्ये मरियेच्या मूर्तीपुढे गुडघे टेकून त्याने ठरवले : पुढे माझे काय व्हायचे ते होवो, या जन्मी तरी मी देवावर प्रेम करीन. भीती तिथेच ओसरली. प्रश्नाचे उत्तर मिळाले नव्हते, पण तो आता त्याच्या आणि देवाच्या आड येत नव्हता. पुढे त्यांनी ठामपणे अशी बाजू घेतली, की देवाला सर्वांचेच तारण हवे आहे आणि माणसाने कृपेला दिलेला प्रतिसाद देव आधीच पाहतो. देवाच्या प्रेमावरचा त्यांचा ग्रंथ १६१६ चा, म्हणजे ‘ख्रिस्तपुराणा’च्याच वर्षीचा. या वादातील हजारो पानांपेक्षा त्या तरुणाचा तो निर्णय मोलाचा आहे, असे हा नोंदकार मानतो.

तिसरी बाजू मेथडिस्टांची. तिचा नागपूरशी निगडित सर्वांत बोलका प्रसंग रेल्वेच्या डब्यात घडला. कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यातील गोऱ्या सहप्रवाशाशी संस्कृत काव्यावर गप्पा सुरू झाल्या. उतरण्यापूर्वी त्याने टिळकांच्या हाती नवा करार ठेवला, तो वाचण्याचे वचन घेतले आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे सांगून टाकले. टिळकांना ते भाकीत धाडसाचे वाटले. पण दिलेला शब्द त्यांनी पाळला. वाचताना सुरुवातीला रस वाटेना. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरच्या प्रवचनापाशी आल्यावर मात्र पुस्तक खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तो सहप्रवासी फ्री मेथडिस्ट मिशनचा अर्नेस्ट वॉर्ड होता.

या प्रसंगात सगळा वाद सामावला आहे. वॉर्डला आधी दिसले म्हणून टिळक ख्रिस्ती झाले, की टिळक होणार होते म्हणून वॉर्डला दिसले? कॅल्व्हिनवादी म्हणेल, ती भेट, तो डबा, तो करार, सगळे आधीच योजलेले होते. आर्मिनियसचा अनुयायी म्हणेल, भाकिताने काहीच घडले नाही. वचन टिळकांनी दिले, पाने टिळकांनी उलटली, निर्णयही त्यांनीच घेतला. गंमत नव्हे, पण लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की हे भाकीत करणारा वेस्लीच्या परंपरेतला होता आणि टिळकांनी पुढे काम केले ते अमेरिकन मराठी मिशनमध्ये, ज्याची मुळे न्यू इंग्लंडच्या कॅल्व्हिनवादी मंडळ्यांत होती. लक्ष्मीबाई टिळकांची वाट तर आणखी वेगळी. पतीच्या बाप्तिस्म्याने त्यांच्या संसाराचे दोन तुकडे झाले. पतीच्या मागोमाग त्यांनी धर्म बदलला नाही. त्यांचा बाप्तिस्मा १९०० मध्ये झाला, मनाशी झगडून, स्वतःच्या वेळेला. ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचे आत्मकथन वाचणाऱ्याला इच्छास्वातंत्र्याची व्याख्या वेगळी सांगावी लागत नाही.

स्कॉटिश कॅल्व्हिनवादही तसाच कडक राहिला नाही. १८९२ मध्ये फ्री चर्चने एक खुलासा कायदा केला. देवाचे प्रेम सर्व माणसांवर आहे असे त्यात म्हटले गेले, आणि माणसाच्या स्वतःच्या पापाचा विचार न करता त्याला मरणासाठी नेमले जाते ही समजूत नाकारली गेली. १९०४ मध्ये भारतातील प्रेसबिटेरियन मंडळ्या एकत्र आल्या तेव्हा त्यांनी वेस्टमिन्स्टरचा तपशीलवार मजकूर बाजूला ठेवून बारा कलमांचा सुटसुटीत विश्वासनामा स्वीकारला. त्यातील आठवे कलम मुळातून अभ्यासावे असे आहे. देवाने जगाच्या स्थापनेपूर्वी ख्रिस्तामध्ये आपले लोक निवडले, असे ते सांगते. आणि त्याच दमात, तारणाचे मोफत व पूर्ण आमंत्रण तो सर्वांना देतो, असेही सांगते. नाकारण्यासाठी नेमलेल्यांचा उल्लेख त्यात नाही. कोरियातील प्रेसबिटेरियन मंडळीने १९०७ मध्ये हाच विश्वासनामा जवळजवळ जसाच्या तसा घेतला. इथल्या मिशनभूमीत तयार झालेला हा मजकूर युरोपच्या दोन शतकांच्या भांडणापेक्षा शहाणा आहे.

मंडळ्यांच्या ऐक्याची बोलणी १९२९ मध्ये सुरू झाली आणि चाळीस वर्षे चालली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथीड्रलच्या आवारात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या सीएनआयची, स्थापना झाली. सहा मंडळ्या तिच्यात विलीन झाल्या : अँग्लिकन, ज्यांच्या एकोणचाळीस कलमांतील सतरावे कलम पूर्वनियोजनावर आहे, प्रेसबिटेरियन व काँग्रिगेशनल यांची युनायटेड चर्च, वेस्लीचा वारसा सांगणारे ब्रिटिश व ऑस्ट्रेलेशियन मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, ब्रदरन, आणि डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट. अमेरिकन मेथडिस्टांची मोठी मंडळी अखेरच्या क्षणी बाहेर राहिली. नव्या मंडळीच्या श्रद्धेचा पाया म्हणून प्रेषितांचा आणि नायसियाचा हे दोन प्राचीन मतांगीकार घेतले गेले. दोन्हींत पूर्वनियोजनाचा शब्दही नाही. वाद मिटवला गेला नाही. तो ऐक्याची अट होणार नाही, एवढेच ठरले.

प्रत्यक्षात हा तोल दिसतो तो बाप्तिस्म्याच्या वेळी. सीएनआयमध्ये आईबापांपुढे दोन मार्ग आहेत. तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा द्यायचा आणि मोठेपणी त्याने दृढीकरणाच्या विधीत विश्वास जाहीर करायचा; किंवा बाळाचे फक्त समर्पण करायचे आणि कळत्या वयात त्याने स्वतः मागून बाप्तिस्मा घ्यायचा. पहिल्यात पाळकाच्या हातातील बाळाला काहीच कळत नसते. माणसाच्या होकाराआधी कृपा येते, हेच तिथे डोळ्यांना दिसते. दुसऱ्यात उमेदवार मंडळीसमोर उभा राहून स्वतःच्या तोंडाने हो म्हणतो. पूर्वी ज्यांच्या वादापायी बॅप्टिस्टांनी तुरुंगवास भोगला, ते दोन्ही विधी आता एकाच मंडळीत वैध आहेत, आणि एकदा बाप्तिस्मा झालेल्याला पुन्हा देत नाहीत.

एक घोटाळा इथे दूर केला पाहिजे. तत्कालीन मध्य प्रदेश सरकारने १९५४ मध्ये न्या. भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आणि १९५६ मध्ये नागपुरात अहवाल प्रसिद्ध झालेल्या समितीचा विषयही धर्मांतरातील संमती हाच होता. पण तो प्रश्न माणसा-माणसांतील आहे : कोणी कोणाला लालूच दाखवली का, दबाव आणला का. प्रस्तुत नोंदीतील प्रश्न माणूस आणि देव यांच्यातील आहे. कट्टर कॅल्व्हिनवाद्यालाही सक्तीचा बाप्तिस्मा मान्य नसतो, कारण त्याच्या मते अंतःकरण बदलणे हे केवळ देवाचे काम आहे.

आज नागपूरच्या उपासनेत पूर्वनियोजनावर प्रवचन क्वचितच होते. अंत्यविधीला मात्र ‘प्रभूने बोलावून घेतले’ असे सर्व पंथांचे लोक म्हणतात, आणि संजीवन सभांत ‘आजच निर्णय घ्या’ असे आवाहनही सर्व पंथांचे लोक ऐकतात. जागतिक पातळीवर सीएनआय एकाच वेळी अँग्लिकन कम्युनियन, कॅल्व्हिनच्या परंपरेतील वर्ल्ड कम्युनियन ऑफ रिफॉर्म्ड चर्चेस आणि वेस्लीच्या परंपरेतील वर्ल्ड मेथडिस्ट काउन्सिल या तिन्हींची सदस्य आहे.